उप्सालाची खोली कुणाला मिळते?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमपासून उत्तरेला सुमारे 70 किलोमीटरवर उप्साला आहे. आगगाडीने चाळीसेक मिनिटांचा रस्ता. 1477 साली आर्चबिशप याकोब उल्फसनच्या पुढाकाराने इथे विद्यापीठ निघाले. नॉर्डिक देशांतले ते सर्वांत जुने. आज नगरपालिकेच्या हद्दीत अडीच लाखांच्या आसपास माणसे राहतात, विद्यापीठाच्या पटावर पन्नास हजारांच्या घरात विद्यार्थी आहेत (त्यातले काही दूरशिक्षणाचे, काही गोटलंड बेटावरच्या शाखेतले), आणि रोज सकाळी राजधानीकडे नोकरीला निघालेल्यांनी फलाट भरून जातात. अशा गावात भाड्याची खोली मिळायची मारामार असणारच. तिचे कारणही झटकन सांगितले जाते: स्टॉकहोम ओसंडले, तिथली माणसे इकडे राहायला आली, विद्यार्थ्यांच्या वाट्याची जागा गेली. मला हे कारण फार उशिराचे वाटते. उप्सालातली ओढाताण आगगाडीच्या कितीतरी आधीची आहे आणि ती मुळात पैशाची नव्हती. भाडे किती, या प्रश्नाआधी इथे दुसरा एक प्रश्न कायम विचारला गेला: तू कुणाचा? प्राध्यापकाच्या माणसाला, प्रांताच्या मुलाला, रांगेत आधी नाव घातलेल्याला दार उघडत गेले. भाडे आवाक्यात ठेवायला प्रत्येक काळात कुणी ना कुणी पुढे आले; दाराची किल्ली मात्र ओळखीच्या हातातच राहिली.

याची सुरुवात विद्यापीठाच्या एका जुन्या नकारात आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजे विद्यार्थ्याला शिक्षणाबरोबर छप्पर आणि पंगतही देत. चार भिंतींच्या आत खोली, जेवणघर, प्रार्थनाघर. उप्सालाने तो वसा घेतला नाही. गरीब विद्यार्थ्यांसाठी सामाईक जेवणाची सोय काही काळ होती, पण 17व्या शतकात ती मोडून तिच्या जागी शिष्यवृत्त्या आल्या. म्हणजे ताटाऐवजी रोकड हातात, आणि ती घेऊन गावात कुठे टेकायचे ते तुझे तू बघ. गाव तरी केवढे? 1702च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळून गेला होता. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1800च्या सुमारास, वस्ती जेमतेम पाच हजारांची. फ्यूरिस नदीच्या पश्चिमेला कॅथेड्रल, किल्ला आणि विद्यापीठ, पूर्वेला व्यापारी आणि कारागीर. या मूठभर घरमालकांच्या माड्या आणि मागच्या खोल्या हेच विद्यार्थ्यांचे वसतिगृह. मागणी ठरलेली, पुरवठा तोकडा, आणि मालक-भाडेकरू एकमेकांना रस्त्यात रोज भेटणारे. अशा ठिकाणी भाव बाजार ठरवत नाही, शब्द ठरवतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसचे उदाहरण प्रसिद्ध आहे, पण ते बहुतेक वेळा हुशारीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती निवाऱ्याची गोष्ट वाटते. 1728 साली तो लुंडहून उप्सालाला आला तेव्हा खिसा इतका रिकामा होता की फाटक्या बुटांच्या तळाशी कागद घालून चालावे लागे, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले. 1729च्या वसंतात धर्मशास्त्राचे प्राध्यापक ओलोफ सेल्सियस यांची आणि त्याची वनस्पती-उद्यानात गाठ पडली. पोराला वनस्पतींचे ज्ञान आहे हे पाहून सेल्सियसनी त्याला आपल्या घरी राहायला नेले. पुढच्या वर्षी धाकट्या ओलोफ रुडबेकनी त्याला आपल्या मुलांचा शिक्षक नेमून घरात जागा दिली. दोन्ही ठिकाणी भाडे शून्य. पण फुकट काहीच नव्हते: तो आता सेल्सियसांचा आणि रुडबेकांचा माणूस झाला होता, आणि ज्याच्यावर अशी नजर पडली नाही त्या होतकरूंची नावे इतिहासात नाहीत. हाच लिनियस पुढे स्वतः मोठा प्राध्यापक झाला, 1758 साली त्याने गावाबाहेर हामरब्यूची शेतवाडी घेतली, आणि परदेशातून शिकायला आलेले योहान ख्रिश्चन फाब्रिसियससारखे विद्यार्थी त्या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या घरांत उतरू लागले. शेतकऱ्याला विद्यार्थ्याची काही माहिती असण्याचे कारण नव्हते. 'वाड्यावरच्या प्राध्यापकांकडचा' एवढे पुरे होते.

प्राध्यापकाची मर्जी सगळ्यांना लाभणे शक्य नव्हते, म्हणून विद्यार्थ्यांनी आपली सोय आपण केली. 17व्या शतकाच्या मध्याला एकाच प्रांतातून आलेल्यांनी आपापली मंडळे स्थापली. त्यांना 'नेशन' म्हणतात: उपलांडची, स्मोलांडची, नॉरलांडची, अशी आज तेरा. विद्यापीठाने आधी त्यांच्याकडे संशयाने पाहिले, मग त्यांच्यावर प्राध्यापक नेमून त्यांना शिस्तीत आणले आणि सदस्यत्व सक्तीचे करून टाकले. मराठी वाचकाला हे मुंबईच्या इतिहासातून चटकन कळेल. धोबीतलाव-माझगावात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. बोटीवर कामाला जाणारा गोवेकर गावच्या कुडात पेटी ठेवी, पथारी टाकी. तिथे भाड्यापेक्षा गावाचे नाव चाले. उप्सालाच्या नेशननीही कालांतराने स्वतःच्या इमारती उभ्या केल्या, देणग्यांतून खोल्या बांधल्या, त्या स्वस्तात दिल्या. आजही अनेक नेशनमध्ये खोली वाटताना किती सत्रे सदस्य आहात आणि मंडळासाठी किती राबलात, हे पाहतात. आठवड्याच्या पार्टीत दारावर उभे राहणे, स्वयंपाकघरात भांडी घासणे, वाचनालय उघडणे या सगळ्याचे पुण्य खोलीच्या अर्जात जमा होते. ही व्यवस्था मायेची आहे यात शंका नाही. पण आपल्यातल्यासाठी माया म्हणजे बाहेरच्यासाठी भिंत, हे तिच्या स्वभावातच आहे. 1872 साली बेट्टी पेटर्सन विद्यापीठात दाखल झालेली पहिली बाई ठरली, तेव्हा तिला प्रवेशासाठी राजाची खास परवानगी काढावी लागली होती. पुरुषांनी पुरुषांसाठी उभ्या केलेल्या या बिऱ्हाडांत तिच्यासारखीची गणतीच नव्हती.

आता आगगाडी. स्टॉकहोम-उप्साला लोहमार्ग 1866 साली सुरू झाला, आणि राजधानीने गाव गिळल्याचा आरोप करणारे तिथूनच मोजायला सुरुवात करतात. पण पुढच्याच वर्षी विद्यापीठात आलेला एक स्टॉकहोमकर पाहा. पुढे लेखक म्हणून गाजलेला ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग 1867 साली उप्सालात आला, एक सत्र काढून राजधानीत शिक्षकी करायला परत गेला, 1870 साली पुन्हा आला आणि 1872 साली पदवीविना गेला. गाडीने गावात गर्दी आणली हे खरे, पण गाव सोडून जगण्याची वाटही तिनेच काढून दिली. पैसे संपले की स्टॉकहोमला जायचे, कमवायचे, परीक्षेला यायचे. 1877 साली त्याने उप्सालातल्या विद्यार्थिजीवनावरच्या कथा प्रसिद्ध केल्या, त्या संग्रहाच्या नावात फ्येर्डिंगेन आणि स्वार्टबेकेन हे गावातले दोन भाग आहेत. राजधानीचा लोंढा ही त्या काळाची भीती नव्हती. रोज जा-ये करणारा नोकरदार ही फार पुढच्या काळातली, मुख्यतः 20व्या शतकाच्या उत्तरार्धातली जात. तोवर खोल्यांची टंचाई शेकडो वर्षे जुनी झाली होती. रेल्वेने दाराशी उभ्या असलेल्यांची संख्या वाढवली. दार उघडण्याचा नियम तिने बदलला नाही.

तो नियम बदलायचा खरा प्रयत्न सरकारने केला, आणि इथे स्वीडन आणि मुंबई काही काळ जोडीने चालतात. पहिल्या महायुद्धात दोन्हीकडे भाडी भडकली. स्वीडनने 1917 साली भाडेवाढीला वेसण घातली, मुंबईत 1918चा कायदा आला. स्वीडनने 1923 साली ती वेसण सोडली आणि 1942 साली पुन्हा, अधिक घट्ट, आवळली: भाडी त्या वर्षारंभीच्या पातळीला गोठली. मुंबईच्या 1947च्या कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर 1940च्या भाड्याला बांधले. पुढे काय झाले, हे गिरगाव-परळच्या कुठल्याही जुन्या चाळीकडे पाहून समजते: मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू हलेना, आणि पागडीने भाड्याच्या आडून किंमत वसूल केली. स्वीडनचा रस्ता इथे फुटतो. 1968च्या कायद्याने गोठलेल्या भाड्याऐवजी 'उपयोगमूल्या'चे तत्त्व आणले. त्यात भाडेकरूंची संघटना आणि मालक वाटाघाटीने दर ठरवतात, आणि सारख्या सोयीच्या घरांना सारखे भाडे असा दंडक असतो. स्टेशनाजवळचे घर आणि गावाच्या टोकाचे गोत्सुंडा यांच्या भाड्यात म्हणून बाजारात पडेल तेवढी दरी पडत नाही. त्याच सुमाराला सहकारी मालकीच्या फ्लॅटच्या विक्रीवरचे किंमतनियंत्रण मात्र उठले. एकाच रस्त्यावर दोन शेजारी: एकाचे भाडे वाटाघाटीने बांधलेले, दुसऱ्याच्या फ्लॅटची किंमत मोकाट. पुढच्या अर्धशतकातले बहुतेक गोंधळ या जोडीतून निघाले आहेत.

याच काळात विद्यार्थ्यांची संख्या फुगली. 1940च्या दशकात काही हजारांत असलेला पट 1970च्या आसपास वीस हजारांच्या पुढे गेला. 1965पासून सरकारी अभ्यासकर्ज आणि अनुदान मिळू लागले, त्यामुळे ज्याच्या घरात कुणी कधी विद्यापीठ पाहिले नव्हते तोही येऊ शकला. नेशनच्या वाड्यांना हा भार पेलणारा नव्हता. विद्यापीठ तर सरकारी खाते. स्वीडनमध्ये विद्यापीठांना स्वतः घरे बांधून मालक होण्याची मुभा सहसा नसते, म्हणजे जुन्या नकाराला आता कायद्याचा आधारही मिळाला. ते काम विद्यार्थ्यांच्या गृहनिर्माण संस्थांनी आणि 1946 साली स्थापन झालेल्या उप्सालाहेमसारख्या नगरपालिकेच्या कंपन्यांनी उचलले. त्यातून जी वास्तू जन्मली ती 'कॉरिडॉर'. गावाच्या पश्चिमेला फ्लोग्स्ता इथले 1970च्या दशकाच्या पूर्वार्धातले उंच मनोरे हे तिचे ठळक रूप. लांब बोळ, दोन्ही हातांना मिळून डझनभर खोल्या, प्रत्येकीला स्वतःचे स्नानगृह, आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये फळ्या वाटून घेतलेल्या, कपाटाला ज्याचे त्याचे कुलूप, सिंकमध्ये कुणाची भांडी यावरून भिंतीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि रात्री दहाच्या ठोक्याला खिडक्या उघडून सगळ्या इमारतीने एकदम ठोकायची आरोळी. ही आरोळी आता परदेशी पाहुण्यांना दाखवायची गंमत झाली आहे. मला त्या स्वयंपाकघराचे अधिक वाटते. तिथे पहिल्यांदाच प्रांत, ओळख, शिफारस यांशिवाय बारा अनोळखी माणसे एका चुलीवर आली. उप्सालाच्या इतिहासात 'तू कुणाचा' हा प्रश्न थोडा वेळ तरी मागे पडला असेल, तर तो इथे.

इथे अर्थशास्त्रज्ञ हरकत घेतील, आणि ती मोठी आहे. आसार लिंडबेक यांच्यासारख्या स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी आयुष्यभर सांगितले की भाडे दाबून ठेवले की घरे बांधायला कुणी धजत नाही, आणि असलेली घरे नको त्यांच्याकडे अडकून पडतात. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. पहिला मात्र स्वीडनच्याच इतिहासात बसत नाही. 1965 ते 1974 या दहा वर्षांत, भाडी नियंत्रणाखाली असतानाच, देशाने दहा लाख घरे बांधली. उप्सालातही त्या काळात वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बँका कोसळल्या, सरकारने बांधकामाच्या कर्जावरची सवलत काढून घेतली, गृहनिर्माण खातेच बंद केले, आणि बांधकाम एकदम आटले. भाडी दोन्ही वेळा नियंत्रणाखालीच होती. बदलला होता तो पैसा पुरवणारा. तेव्हा विटा भाड्याच्या कायद्याने अडवल्या, असे सरसकट म्हणता येणार नाही. स्वीडनच्या मतदाराला हे बहुधा जाणवते. नव्या घरांना बाजारभावाने भाडे लावू द्यायच्या नुसत्या प्रस्तावावरून डाव्या पक्षाने पाठिंबा काढला आणि 21 जून 2021 रोजी स्तेफान लोव्हेन यांचे सरकार अविश्वास ठरावात हरले. अविश्वासाने पायउतार व्हायची वेळ आलेले ते स्वीडनचे पहिले पंतप्रधान. काही दिवसांत ते परत आले, प्रस्ताव मात्र गुंडाळला गेला.

लिंडबेकांच्या हरकतीच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण तिथेच माझा मूळ मुद्दा आहे. भाडे बाजाराने ठरवायचे नाही म्हटले की घर कुणाला द्यायचे हे दुसऱ्या कशाने तरी ठरवावे लागते. स्वीडनने त्यासाठी रांग निवडली: नाव नोंदवा, दिवस साठवा, ज्याचे दिवस जास्त त्याला आधी घर. रांगेची बाजू घेणारे म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की याहून निःपक्षपाती काय? रांग आडनाव पाहत नाही, कातडीचा रंग पाहत नाही, प्राध्यापकाची चिठ्ठी मागत नाही. पण रांगेत उभे राहायचे असते हे आधी कळावे लागते. अठरा पूर्ण झाल्या दिवशी मुलाचे नाव नोंदवणारे आईबाप उप्साला-स्टॉकहोम पट्ट्यात खंडीभर आहेत; उत्तरेकडच्या लाकूडतोडीच्या गावातून किंवा दुसऱ्या खंडातून आलेल्याला हे इथे पाय ठेवल्यावर समजते. रांगेत खर्च होतो तो वेळ, आणि वेळ त्याच्याकडे असतो जो आधीपासून इथला आहे. म्हणजे 'तू कुणाचा'च्या जागी 'तू कधीपासूनचा' एवढाच फरक. ज्याला थांबणे जमत नाही तो 'दुसऱ्या हाताने' राहतो: मूळ भाडेकरूकडून महिन्या-महिन्याची खोली, करार पोटातला, सत्र संपले की गाशा गुंडाळा. 2013च्या कायद्याने स्वतःच्या मालकीचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला खर्चाच्या हिशेबाने चढे भाडे घ्यायची सूट दिली, तेव्हा हा बाजार फुगला. करार चोरून विकणे तर जुनेच होते. आपल्याकडे पागडीला निदान समाजाने मान्यता दिली होती; स्वीडनने 2019 साली विकणाऱ्याबरोबर विकत घेणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले.

गंमत अशी, की पैशाने दार उघडायची सोयही नव्याने झाली आहे, आणि तीही विद्यापीठाच्याच अंगणात. 2011 सालापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये शुल्क भरावे लागते. शुल्क भरणाऱ्याला राहायची जागा देता आली नाही तर तो येणार नाही, हे ओळखून विद्यापीठाने अशांसाठी खोल्या राखून ठेवायला सुरुवात केली. पुण्या-नाशिकहून तिथे जाणाऱ्या मराठी मुलाला खोलीची चिंता त्या मानाने कमी असते ती यामुळे. त्याच्या वर्गातल्या, उत्तर स्वीडनमधल्या लुलेओच्या मुलीला ती पुरेपूर असते.

मग रोज जा-ये करणाऱ्यांचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो नेमका कुठे, ते पाहायला हवे. नोकरीला जायचा प्रवासखर्च ठरावीक मर्यादेपुढे करातून वजा होतो, म्हणजे लांब राहण्याला सरकारचाच हातभार. डिसेंबर 2012मध्ये स्टॉकहोमची उपनगरी गाडी उप्सालापर्यंत आली. जिल्हा बदलतो म्हणून तिकिटांचा जो घोळ होता, तो 2017च्या सामाईक पासाने बराच मिटला. शिवाय स्टॉकहोममधली पुष्कळ भाड्याची घरे सहकारी मालकीत बदलली गेल्याने तिथली भाड्याची दारे कमी झाली. ही माणसे उप्सालात येतात ती बहुतेक पैसा घेऊन, फ्लॅट विकत घ्यायला. विद्यार्थ्याच्या खोलीच्या रांगेत ती उभी नसतात. ती त्याला गाठतात दुसऱ्या हाताच्या बाजारात आणि नव्या बांधकामाच्या जमिनीवर. उलट दिशेने पाहिले तर स्टॉकहोममध्ये आईबापांकडे राहून उप्सालाला शिकायला येणारेही आहेत. त्यांच्यापुरती गाडी हीच खोली आहे.

गाडी आणि घर यांचे हे नाते आता करारावर उतरले आहे. 2017 साली सरकार आणि नगरपालिका यांच्यात ठरले की रूळ दोनाचे चार होतील आणि बदल्यात गावाच्या आग्नेयेला 33,000 घरे बांधली जातील. त्यातली जी भाड्याची असतील त्यांना आणखी एक तरतूद लागू पडू शकते: 2006पासून नव्या इमारतीचे भाडे बांधकामखर्च धरून ठरवता येते आणि पुढे काही वर्षे, आता पंधरा, उपयोगमूल्याच्या तुलनेतून ते बाहेर राहते. ही भाडी अभ्यासकर्जाच्या हप्त्यात बसवणे कठीण. तेव्हा उप्सालात आता इमारतीच्या वयावरून दोन कायदे चालतात. नव्या घरात ऐपत विचारतात. जुन्या घरात रांगेतले दिवस, आणि नेशनच्या वाड्यात अजूनही सत्रे आणि घासलेली भांडी. 2010 साली सदस्यत्वाची सक्ती कायद्याने उठली, तरी तेराच्या तेरा मंडळे चालू आहेत, आणि नवा विद्यार्थी आपणहोऊन नाव घालतो तेव्हा अनेकदा त्याच्या मनात खोलीच असते.